मुळाला हात न लावता

आमच्या घरात एखादी वस्तू जमिनीवर पडली, की ती आधी धुतली जाते आणि मग तिच्याबद्दल बोलणं होतं. माझा नवरा घड्याळं दुरुस्त करतो. टेबलावरून केसाएवढा स्क्रू जरी निसटला, तरी तो चिमट्यानं उचलायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा, ब्रशनं घासायचा आणि भिंगाखाली डाग दिसेनासा झाला की मगच जागेवर बसवायचा, हा त्याचा नेम. धुळीचा कण आत राहिला तर घड्याळ आज चालेल आणि उद्या अडेल. सासूबाई म्हणतात, मी कधी पडले ना, तर हा मलाही आधी स्पिरिटमध्ये बुडवेल आणि मग दवाखान्यात नेईल.

म्हणून आमची खारूताई त्याच्या दुकानात धडपडली, काउंटरच्या कडेवर तिचं तोंड आपटलं आणि वरचा पुढचा दात मुळासकट बाहेर आला, तेव्हा त्यानं जे केलं ते त्याच्या मानानं अगदी बरोबर होतं. खारूताई म्हणजे आमची थोरली. दहा वर्षांची झाली, तरी तिचे पाय जमिनीला लागतील तर शपथ. तान्ह्या धाकट्याला छातीशी धरून मी धावत पोचले, तेव्हा ती स्टुलावर बसून ओठाला बर्फाचा रुमाल लावून हुंदके देत होती आणि नवरा दिव्याखाली वाकून दात घासत होता. मुळावर गुलाबी, चिकट असा पापुद्रा होता. तो त्यानं साफ काढला. दात मोत्यासारखा पांढरा निघाला. तो कोऱ्या कागदात गुंडाळत नवरा म्हणाला, घाबरू नकोस, एक चरासुद्धा पडलेला नाही. मला तर त्याचं कौतुकच वाटलं. मी असते, तर घाईघाईत तो दात गटारातच गेला असता.

दाताच्या डॉक्टरीणबाई आमच्याच रस्त्यावर, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर बसतात. त्यांनी खारूताईला खुर्चीत आडवं केलं, दिवा ओढला, ओठ अलगद उचलून पाहिला. मग कागदाची पुडी उघडली आणि थांबल्या.

"कशानं धुतलात?"

नवऱ्यानं सांगितलं. नीट, क्रमानं, जरा अभिमानानंच. बाईंनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, की दात काही भिंतीतल्या खिळ्यासारखा हाडात ठोकलेला नसतो. मुळाभोवती जिवंत धाग्यांची एक साय असते, आणि त्या धाग्यांवर तो झोळीत निजवल्यासारखा तोललेला असतो. पडलेला दात वरच्या टोकाला धरायचा, नुसता पाण्याखालून काढायचा आणि लगेच जागी बसवायचा. ते धाडस झालं नाही तर दुधात ठेवून घेऊन यायचा. साय जिवंत असली की तो पुन्हा धरतो.

"म्हणजे मी ती..." नवरा म्हणाला.

तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, दहांतल्या नऊ घरांत असंच होतं, असं बाई म्हणाल्या. त्यांनी दात जागी बसवला, शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधला, पुढच्या खेपांना त्याची आतली नसही साफ केली. जागा राखेल, म्हणाल्या. किती वर्षं राखेल ते मात्र सांगता येणार नाही.

तार निघाली, दात घट्ट बसला, खारूताई पुन्हा रेलिंगवर चढू लागली. मी मनातल्या मनात निश्चिंत झाले होते. पण काही महिन्यांनंतरच्या एका तपासणीत बाईंनी आरशाची दांडी एकेका दातावर हलकेच वाजवली. टप, टप, टप. पुढच्या त्या दातावर मात्र टण्. चिनी मातीच्या कपावर चमचा वाजावा तसा. माझ्या ते लक्षातही आलं नसतं. पण ज्याचा सगळा जन्म टिकटिक ऐकण्यात चाललाय, तो माणूस माझ्या शेजारी बसल्या बसल्या ताठ झाला. बाईंनी काही सांगण्याआधीच त्यानं विचारलं, "हा अडकलाय ना?"

अडकला होता. मधली साय नव्हती, म्हणून हाडानं दाताला सरळ मिठी मारली होती. आता हाड मुळाला हळूहळू खाऊन टाकणार. शिवाय पोर वाढणार, जबडा वाढणार, बाकीचे दात खाली सरकणार, आणि हा एकटा आहे तिथंच राहून आखूड दिसायला लागणार. एवढ्या लहानपणी कृत्रिम दाताचा स्क्रू हाडात बसवता येत नाही, कारण तोही वाढत नाही. थांबायचं तर पुरती वाढ होईपर्यंत थांबायचं.

जेवताना सासूबाईंनी माझी समजूत घालायचा प्रयत्न केला. आपली कवळी वाटीत ठेवून बोळक्या तोंडानं म्हणाल्या, "माझे सगळे गेले, माझं काय अडलं? तुझ्या सासऱ्यांनी तर मी दात काढून दाखवले तरच मी खूश आहे हे ओळखायचं ठरवलं होतं." खारूताई खो खो हसली, आणि हसता हसता तिनं ओठावर हात धरला. हा हात तिनं अलीकडेच धरायला सुरुवात केली होती. नवरा ताटावरून उठला आणि पाणी प्यायला गेला. माठ त्याच्या पाठीमागे, हाताच्या अंतरावर होता, तरी तो आत गेला. त्या दिवसांत तो पोरीशी बोलायचा तो तिच्या केसांकडे, वहीकडे, चपलांकडे बघून. चेहऱ्याकडे कधीच नाही. ती मात्र त्याच्या गळ्यात पडायची ती पडायचीच.

मग बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. एक गोष्ट करता येईल, म्हणाल्या, पण आधी आत काय आहे ते पाहू.

पलीकडच्या खोलीत एक यंत्र होतं. खारूताईनं त्याच्यापुढे उभं राहून हनुवटी टेकवली. यंत्राचा पांढरा हात तिच्या डोक्याभोवती एक फेरी घालून थांबला. एवढंच. आणि पडद्यावर माझी लेक उगवली, पण आतून. बाई बोटाच्या टोकानं तिला फिरवत होत्या, डावीकडून, उजवीकडून, खालून, जसं आपण बाजारात फळ फिरवून बघतो. बाहेर दिसणाऱ्या दातांच्या वर आणि खाली, हाडाच्या आत, आणखी दात होते. न आलेले. कुणी तिरपे, कुणी उताणे, कुणी नुसत्या टोप्या, ज्यांना अजून मूळसुद्धा फुटलेलं नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या खोलीत, आपली पाळी येईपर्यंत गप्प बसलेला.

मी या पोरीला न्हाऊमाखू घातलं, तिचे दुधाचे दात हलताना मीच दोरा बांधला, तिच्या पाठीवर तीळ किती आहेत हेही मला ठाऊक. आणि हे एवढं सगळं तिच्या गालामागे चाललं होतं, त्याचा मला पत्ता नाही. बाई सहज म्हणून गेल्या, की दुधाच्या दातांची सुरुवात तर बाळ पोटात असतानाच होते. धाकटा माझ्या मांडीवर बसून माझंच बोट आपल्या मऊ, रिकाम्या हिरड्यांनी चावत होता. मी बोट काढून घेतलं नाही. रिकामं तिथं काहीच नव्हतं.

बाईंनी पडद्यावर एका ठिकाणी बोट ठेवलं. दाढांच्या आधीची एक उपदाढ, खालच्या जबड्यातली. खारूताईचा जबडा लहान आणि दात दाटीवाटीचे, त्यामुळे पुढे तारा लावताना ही काढावीच लागणार होती. हिचं मूळ अजून पुरं बनलेलं नव्हतं, टोकाशी तोंड उघडं होतं. ही उचलायची आणि पुढच्या दाताच्या जागी लावायची. उघड्या तोंडातून नवं रक्त आत शिरलं, तर ती तिथं जगेल, तिचं मूळ वाढेल, पोरीबरोबर तीही सरकेल.

नवऱ्यानं विचारलं, आणि नाही शिरलं तर? नाही शिरलं तर पुन्हा पहिलाच प्रश्न, बाई म्हणाल्या, आणि एक दात कमी.

आम्ही हो म्हटलं. म्हणजे मी म्हटलं. नवऱ्यानं खारूताईकडे बघितलं, बऱ्याच दिवसांनी थेट तोंडाकडे, आणि तिनंच मान हलवली.

दात हलवायच्या दिवशी धाकट्याला सासूबाईंकडे ठेवलं. बाईंनी आम्हाला आत उभं राहू दिलं, मला लेकीच्या पायांशी आणि नवऱ्याला भिंतीशी. आधी त्यांनी त्याच्या हातावर एक पिवळसर दात ठेवला. राळेसारख्या पदार्थाचा, यंत्रानं थर थर रचून छापलेला. पडद्यावरच्या त्या उपदाढेची हुबेहूब प्रत, मुळाच्या बाकासकट. जी वस्तू अजून कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती, हिरडीखाली झाकलेली होती, तिचा जोड त्याच्या तळहातावर पडला होता. सुटा भाग म्हणजे काय हे माझ्या नवऱ्याला मी सांगायला नको. त्यानं तो डोळ्याजवळ नेला, फिरवला आणि कितीतरी वेळ परत देईना.

हा कशाला, असं त्यानं विचारलं. बाई म्हणाल्या, हाडातली गादी याच्या मापानं करायची. घालून बघायचा, काढायचा, पुन्हा घालायचा, काय त्रास द्यायचा तो याला द्यायचा. खरा दात गादी तयार झाल्यावरच हलवायचा.

"आणि त्याच्या मुळाला कुणीही हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "मीसुद्धा नाही."

नवऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक धरले.

सुई टोचली तेव्हा खारूताईनं माझ्याकडे बघून पायाचा अंगठा हलवला. पुढे तिला दुखलं नाही. गाल बधिर झाले होते, डोळ्यांवर गडद चष्मा होता. अडकलेला जुना दात तुकड्यातुकड्यांनी निघाला. पिवळा दात आत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. खोलीत नुसता पाणी ओढणाऱ्या नळीचा आवाज. मग बाई खालच्या बाजूला वळल्या, आणि त्यांच्या हाताचा वेग एकदम उतरला. झोपलेल्या तान्ह्याला पाळण्यातून उचलताना आपला उतरतो तसा. उपदाढ बाहेर आली. फक्त डोक्याला धरलेली. मुळावर तोच गुलाबी, चिकट पापुद्रा, आणि रक्त.

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचे हात अजून पाठीमागेच होते. आयुष्यभर ज्या गोष्टीला तो घाण म्हणत आला, ती तशीच, न पुसता, न धुता, पोरीच्या तोंडातल्या तोंडात खालून वर गेली आणि नव्या गादीत बसली. मी श्वास धरला होता तो सोडायच्या आत सगळं झालंसुद्धा. बाईंनी वरून दोऱ्याची फुली मारली. घट्ट आवळली नाही, थोडी ढिली ठेवली. हलू दे थोडा, म्हणाल्या, हलला तरच धागे धरतील.

मग वाट बघणं. मऊ भात, मऊ डाळ, आणि रेलिंगला रामराम. खारूताईनं त्या दाताचं नाव पाहुणी ठेवलं. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, पाहुणी राहतेय का गं? टाके निघाले. काही काळानं बाईंनी त्या निमुळत्या उपदाढेवर पुढून दाताच्या रंगाचा लेप चढवला, निळ्या प्रकाशाची कांडी धरून जागच्या जागी कडक केला आणि घासून शेजाऱ्याच्या जोडीचा केला. मऊ लेप नुसत्या उजेडानं दगड होतो, हे मी जवळून बघितलं आणि तरी मला पटलेलं नाही. आरसा दिल्यावर खारूताई स्वतःला ओळखून हसली. दिसायला सगळं झालं होतं. पण दात जिवंत आहे का, हे दिसण्यावरून कळत नाही.

ते कळायचं गारव्यावरून. बाई कापसाच्या बोळ्यावर कसलातरी फवारा मारायच्या, त्यावर बर्फ जमायचा, आणि तो बोळा त्या एकेका दाताला लावायच्या. गार लागलं की हात वर. शेजारच्या दाताला लावल्याबरोबर हात वर. पाहुणीला मागच्या, न झाकलेल्या बाजूनं लावला, तर हात मांडीवरच. त्या खेपेला नाही, पुढच्या खेपेलाही नाही. घाई नको, बाई म्हणाल्या. घरी येताना नवरा आमच्यापासून दोन पावलं मागे चालत होता.

तिसऱ्या खेपेला खारूताईचा हात मांडीवरून जरासा उठला आणि घुटमळला. गार का, असं बाईंनी विचारलं. तिला सांगता येईना. गार नाही, म्हणाली, पण कुणीतरी हाक मारल्यासारखं.

पोरं आपल्याला खूश करायला हात वर करतात, हे बाईंना पक्कं ठाऊक. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले. कोरडा बोळा लावला. हात मांडीवर. पुन्हा कोरडा. हात मांडीवर. मग आवाज न करता फवारा मारलेला बोळा उचलला आणि पाहुणीच्या पाठीला टेकवला. आम्ही तिघंही तिच्या हाताकडे बघत होतो.

हात वर गेला. सरळ, खांद्यापासून, वर्गात उत्तर येत असलेल्या मुलीसारखा.

"थंड," ती म्हणाली. "आतपर्यंत."

बाईंनी मास्क खाली ओढला. इतके महिने मी त्यांचं हसू पाहिलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, कुठून वाट काढत येते ही नस, रक्ताला कोण सांगतं इथं वळ म्हणून, ते मला अजून नीट माहीत नाही. आम्ही फक्त वाटेत यायचं नाही, एवढंच आमचं काम.

"पुन्हा एकदा लावा," नवरा म्हणाला. "एकदाच."

दाताला उगाच छळू नये, असं म्हणत म्हणत बाईंनी बोळा पुन्हा गार केला. नवरा खुर्चीजवळ गेला आणि वाकला, लेकीच्या चेहऱ्यावर, इतका जवळ की दिव्याचा उजेड दोघांच्या तोंडावर पडला. खारूताईनं एक डोळा किलकिला उघडून त्याला बघितलं आणि आ वासला. सगळेच्या सगळे दात दिसले. आणि बोळा टेकायच्या आधीच तिनं आपला हात त्याच्या हातात दिला, म्हणजे गार लागलं की तोच वर उचलेल.