लाल ठिपका

गुडघा ठणकत होता, तरी नागरत्ना दुबलगुंडीच्या रस्त्यावर पाच किलोमीटर पळून आली आणि अंगणातच येरझाऱ्या घालू लागली. सांध्यांसाठी मागवलेली पावडर माशांपासून बनते, हे तिने कालच डब्यावर वाचलं होतं. आणि आई, गुरुबाई, रोज सकाळी त्या पावडरीचं दूध गळ्यातल्या इष्टलिंगाला दाखवूनच तिच्या हाती देई! महिनाभर आपण घर बाटवलं, या विचाराने तिचा पाय एका जागी ठरेना.

शेवटी तिने सांगून टाकलं, “आई, त्या पावडरीत मासळी हाय.”

गुरुबाईने पेला पुढे केला. “डब्यावरचा लाल ठिपका मला पहिल्याच दिवशी दिसला. लिंगाला नुसतं दूध दाखवते, पावडर मागून टाकते. पी, गार व्हायलंय.”