जिवंत माणसाची उत्तरक्रिया

सामिखोसची उत्तरक्रिया आम्ही अगदी यथासांग केली. तिथेच सगळं बिघडलं.

थेस्सालीतल्या लढाईतून आमच्या थीब्जची माणसं परतली, त्यांत तो नव्हता. त्याचं प्रेतही कुणाला सापडलं नव्हतं. माझ्या भावाला, मेलांतासला, धीर निघेना. माती न मिळालेल्याचा आत्मा भटकत राहतो, आणि आपला माणूस असा भटकतोय हे त्याला सहन होत नव्हतं. म्हणून वेशीबाहेर रिकामी कबर खणली, दूध-मध ओतलं, आणि मेलांतासने उत्तरेकडे तोंड करून त्याच्या नावाने तीन हाका मारल्या. अशा हाका मारल्या की आत्मा घरी येतो.

दोघं प्रेमी जोडप्यांच्या तुकडीतले. तिथे प्रियकराच्या खांद्याला खांदा लावून लढायचं असतं, कारण ज्याच्यावर जीव आहे त्याच्यादेखत पळ काढायला कुणी धजत नाही. त्या लढाईत मात्र रेटारेटीत दोघांची ताटातूट झाली होती. दोघंही तिशी ओलांडलेले, दाढीवाले बाप्ये. एकमेकांना सोडणार नाही अशी शपथ त्यांनी, आमच्याकडचे प्रेमी घेतात तशी, वीर योलाओसच्या समाधीवर घेतली होती. माझ्या गेलेल्या नवऱ्याने, देव त्याचं भलं करो, मला उभ्या जन्मात जेवढं पाहिलं नसेल, तेवढं मेलांतास सामिखोसकडे एका जेवणात पाहायचा. मला हसू यायचं, आणि खरं सांगते, थोडा हेवाही वाटायचा.

द्राक्षं तोडायच्या दिवसांत एका सकाळी सामिखोस आमच्या दारात उभा राहिला. आमचा कुत्रा एरवी त्याच्या अंगावर उड्या मारायचा. त्या दिवशी मात्र तो जात्यामागे शिरला आणि थरथरायला लागला.

"कालिप्पा, ओळखलंस ना? पाणी दे गं. घसा सुकलाय."

"उंबरा ओलांडू नकोस," मी म्हणाले. ज्याची उत्तरक्रिया झाली तो मेला. त्याला शिवायचं नाही, चुलीपाशी घ्यायचं नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी पाण्याचं भांडं जमिनीवर ठेवलं आणि मागे झाले.

तो घटाघटा पाणी प्यायला. "मी प्रेतांच्या खाली पडलो होतो," तो म्हणाला. "काही दुखत नव्हतं. बरं वाटत होतं, उलट. मग मेलांतासची हाक आली. पुन्हा आली. तिसऱ्या हाकेला उठावंच लागलं."

हाका इथे, आमच्या वेशीबाहेर मारल्या होत्या. तो पडला होता ते रान कितीतरी दिवसांच्या वाटेवर.

तेवढ्यात मेलांतास मळ्यातून धावत आला. मी त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला अडवलं.

"सोड मला! सामिखोस आहे तो!"

"आहे. पण आपण पुरलंय त्याला."

देवळातल्या पुजाऱ्याने उपाय सांगितला. मेलेल्याने पुन्हा जन्म घ्यायचा. बायकांनी त्याला न्हाऊ घालायचं, बाळासारखं गुंडाळायचं, अंगाई म्हणायची, मग नवं नाव ठेवायचं. मेलांतास आनंदाने हसायलाच लागला. सामिखोस मात्र लांबूनच म्हणाला, "आणि आमची शपथ?"

"ती मेलेल्याची," पुजारी म्हणाला. "आज जन्मलेल्याची कसली शपथ?"

"मग पुन्हा घेऊ," मेलांतास म्हणाला.

"तुझी सुटलीय कुठे? योलाओसच्या समाधीवर एकदाच हात ठेवता येतो. तू त्या कबरीतल्याला बांधलेला आहेस. हा नवा माणूस तुला परका."

सामिखोसने जन्म घ्यायला नकार दिला. परका होऊन जगण्यापेक्षा आपला होऊन मेलेलं बरं, म्हणाला. तो आपल्याच कबरीपाशी राहू लागला. आम्ही तिथे ठेवलेला नैवेद्य खायचा. मेलांतास रोज समोर बसायचा, पण मध्ये हातभर जागा सोडून. सामिखोसचं बोलणं कमी होत गेलं. आधी तो आईचं नाव विसरला, मग स्वतःच्या गल्लीचं. एका दुपारी त्याने मेलांतासकडे बघून विचारलं, "तू कोण रे?" आणि लगेच दचकून रडायला लागला.

त्या दुपारी मेलांतास माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "माझीही उत्तरक्रिया कर."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आई असती तर थोबाडीत दिली असती."

"त्याला कुणी हात लावत नाही, कालिप्पा, म्हणून तो विरत चाललाय. मेलेल्याला मेलेलाच शिवू शकतो. हाका मारायला जिवाभावाचं माणूस लागतं, आणि माझं तूच एक उरलीस."

"आणि मी? मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"घर तुझं. ऑलिव्हची झाडं तुझी."

"झाडांना भाऊ म्हणू का रे?" मी ओरडले. त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्याने नाही म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दूध-मध ओतलं. मेलांतास माझ्यासमोर उभा होता, आणि मी त्याच्याच नावाने, जणू तो फार लांब आहे अशी, हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा माझा आवाज चिरकला. तो किंचित शहारला, बाकी काही झालं नाही.

मग त्याने मधली हातभर जागा ओलांडली आणि सामिखोसचा हात धरला. सामिखोसने डोळे मिटले. "मेलांतास," तो स्पष्ट म्हणाला, न अडखळता. दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून हसत होते, रडत होते. मीही रडत होते. वाटलं, केलं ते योग्यच केलं.

माझं रडणं ऐकून मेलांतास वळला. लहानपणी पुसायचा तसे माझे डोळे पुसायला त्याने हात पुढे केला. मी किंचाळून मागे सरले. तो थांबला, आपल्या हाताकडे बघत राहिला.

"बरोबर आहे तुझं, बाई," तो म्हणाला.

दोघं किथाइरोन डोंगराच्या वाटेला लागले. ते दिसेनासे झाल्यावर मला कळलं की माझ्या मुठीत दगड आहे, आणि तेव्हा मेलांतास आणखी एक पाऊल पुढे आला असता तर मी तो माझ्या भावाच्या तोंडावर मारला असता.