पंधरा तासांची वाट

पहाटे पाचला सत्यभामाबाईंचे यजमान बद्रीनाथ वारले आणि सहाला त्यांच्या पुतण्यानं, हनुमाननं, सुरजला यायला किती वेळ लागेल ते फोनला विचारलं. टोरांटो ते मुंबई साडेबारा हजार किलोमीटर, पंधरा तास.

"काकू, पंधरा तास इमानाचे अन् आठ गाडीचे. उद्या पहाटं सुरज दारात."

सत्यभामाबाईंनी तो आकडा घट्ट धरला. एकुलता एक मुलगा चार वर्षांत टोरांटोहून आला नव्हता. निदान बापाचं तोंड तरी बघावं, अग्नी त्याच्या हातून मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. हनुमाननं बीडहून मयत ठेवायची बर्फाची पेटी आणली आणि नेकनूर गावातली त्यांची अख्खी गल्ली वाट बघत बसली.

आता फोनला काय, तो विमान किती वेळ उडतं ते सांगतो. ते सुटतं कधी, मधे थांबतं किती, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. शहाण्यांच्या गावात एवढंही कुणाला सुचू नये!

दुपारी सुरजचा फोन आला. तिकीट मिळालं होतं, पण वाटेत एका ठिकाणी चौदा तासांचा थांबा होता. घरी यायला परवाची दुपार.

पेटीतला माणूस परवापर्यंत राहिला असता. पण मयत उचलल्याशिवाय गल्लीत चूल पेटत नाही. सकाळपासून कुणाच्या पोटात चहासुद्धा नव्हता. शेजारची लेकरं रडून रडून गप्प झाली होती. समोरच्या साखराबाईला साखरेचा आजार, तिचे हात थरथरत होते, तरी म्हातारी म्हणत होती, "येऊ द्या लेकराला. आमचं काय न्हाई."

सत्यभामाबाईंनी ते हात पाहिले. मग त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. आवाज मात्र स्वच्छ फुटला.

"हनुमान, तू मडकं धर. उचला यांना."

"काकू, सुरज..."

"उचला म्हणते ना!"

माणसं मसणवट्यातून परतली, अंघोळी झाल्या, गल्लीत धूर निघाला. साखराबाईच्या सुनेनं पिठलं-भाकरी आणून ठेवली. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, इमानात बसतोय. आता फोन बंद होईल. दादांना पेटीत ठेवलंय ना, मी येईस्तोवर?"

"ठेवलंय रे. तू ये. अन् देतील ते खा, उपाशी राहू नको."

माजलगावहून आलेली लेक वैष्णवी आईकडे बघतच राहिली. "आई, खोटं कावून बोललीस? आल्यावर काय सांगशील त्याला?"

सत्यभामाबाईंनी फोन पालथा ठेवला. आता कुठं त्यांचे डोळे भरून आले.

"सांगीन की. हितं आल्यावर माझ्या गळ्यात पडून रडंल. तिथं आभाळात त्याच्या पाठीवर हात ठेवायला कोण हाय गं?"