ठोक्यांची पट्टी

ऑफिसात तिला सगळे चिमटा म्हणत. स्क्रीनवरचं एखादं अक्षर केसभर जरी सरकलेलं असलं, तरी तिच्या नजरेतून सुटायचं नाही, आणि एकदा धरलं की ती सोडायचीही नाही. हे नाव टीमच्या प्रमुखांनी ठेवलं होतं. त्यांना पांढऱ्या दाढीमुळे सगळे काका म्हणत, त्यामुळे फिट्टंफाट झाली होती.

नवं काम आलं तेव्हा काकांनी तिलाच बोलावलं. काम होतं एका हॉस्पिटलचं. वेळेआधी जन्मलेलं बाळ वॉर्डात काचेच्या पेटीत असतं आणि आई घरी तळमळत असते. तिला फोनवर बाळाच्या हृदयाचे ठोके दिसावेत, असं ॲप हवं होतं. ॲप मोठं, पण चिमट्याच्या वाट्याला आली एकच पट्टी. डावीकडे ठोक्यांचा आकडा, उजवीकडे सरकत जाणारी हिरवी लहर. बस्स.

काम सुरू होतंय न होतंय तोच तिच्या दादाची मुलगी दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्माला आली. अशा बाळांचा वॉर्ड गावात एकच. दादाची नोकरी लांब, आणि चिमट्याचं घर हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर. तेव्हा वहिनी तिच्याकडेच राहायला आली. सकाळी जायची, दुपारी दोन घास खायला यायची, पुन्हा जायची. पेटीच्या काचेतून बघत बसण्याखेरीज तिला करण्यासारखं काहीच नव्हतं.

एका दुपारी चिमटा घरूनच काम करत होती. जेवणाच्या टेबलावर मोठा स्क्रीन मांडला होता. पूर्ण ॲप चालू करून ती पट्टी बघायची म्हणजे दिव्यच होतं. आधी लॉगिन, मग वॉर्ड, मग पेटी, मग यंत्राकडून आकडे यायची वाट बघणं. एवढं करून बाळाचा ठोका दीडशे असेल, तर दीडशेच दिसणार. तो ऐंशीवर घसरला तर पट्टी कशी दिसेल, हे कळायला कुणाच्या बाळाचा ठोका घसरायची वाट बघायची का? म्हणून ती पट्टी ॲपमधून अलगद उचलून प्रिव्ह्यूमध्ये, म्हणजे नुसता नमुना बघायच्या जागी, एकटीच मांडायची. घर बांधायच्या आधी नुसती खिडकी उभी करून बघावी, तसं. तिथे ना सर्व्हर, ना वॉर्ड. आकडे आपण मनाने द्यायचे, आणि पट्टी बिचारी ते खरे मानून चालायची.

त्या दिवशी तिने पट्टीची सगळी रूपं एकाखाली एक लावली होती. झोपलेलं बाळ, रडणारं बाळ, ठोका वाढलेलं, ठोका घसरलेलं. मग तीच मोठ्या अक्षरांत, मग काळ्या पार्श्वभूमीवर. सगळ्या लहरी एकदम चालत होत्या. सगळ्यात खाली होतं, जोडणी तुटल्यावरचं रूप. तिथे आकडा नव्हता आणि लहर आडवी सपाट होती.

वहिनी आली आणि दारातच थबकली.

"ही सगळी कोण गं?"

"कोण म्हणजे?"

"ही बाळं."

"बाळं नाहीत वहिनी, नमुने आहेत. आकडे मी मनानेच टाकलेत."

वहिनीचं लक्षच नव्हतं. एकेका पट्टीवरून तिची नजर खाली खाली गेली आणि चेहरा पांढराफटक पडला. तिने शेवटच्या पट्टीकडे बोट केलं. "आणि हे... हे गेलं?"

"अगं नाही! नुसतं नेट गेलंय."

"तिथल्या यंत्रावर अशी रेघ आली ना, की सगळ्या सिस्टर धावतात."

चिमट्याने पुन्हा रेघेकडे पाहिलं. त्या रेघेची जाडी तिने तपासली होती, रंग तपासला होता, कडेची जागा तपासली होती. रेघ काय बोलते, हे मात्र तिने ऐकलंच नव्हतं.

तिने वहिनीला पाणी दिलं, शेजारी बसवलं. "नेट गेलं तर तुला काय दिसायला हवं? खरं सांग."

वहिनी पाणी प्यायली. मग म्हणाली, "आधी हे सांग की ती आहे. मग सांग, तुला दिसत नाही म्हणून."

चिमट्याने लहर काढूनच टाकली. शेवटचा दिसलेला आकडा फिकट रंगात ठेवला, आणि तो कधीचा तेही लिहिलं. खाली शब्द घातले, 'बाळावर वॉर्डात लक्ष आहे. फक्त फोनची जोडणी तुटली आहे.' तिने बदल जतन करताच समोरची पट्टी बदलली.

वहिनीने दोनदा वाचलं. "घाबरेन," ती म्हणाली, "पण रस्त्याने धावत सुटणार नाही."

काकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "रेघ आपण सगळ्यांनीच पाहिली होती की गं."

ॲपच्या चाचणीसाठी हॉस्पिटलने बाळांच्या ज्या आया निवडल्या, त्यांत वहिनीही होती. तिने आपल्या नणंदेलाही बघायची परवानगी देऊन टाकली. पहिल्या सकाळी चिमट्याने ऑफिसात फोन उघडला आणि कपाळाला हात लावला. लहर चुकत होती. एक ठोका घाईने यायचा, पुढचा रेंगाळायचा. तिच्या नमुन्यांत तर सगळे ठोके एका मापाचे होते! तिने तेच आकडे प्रिव्ह्यूत घालून पाहिले. तिथेही तसंच. पुन्हा तपासलं, तरी तसंच. पट्टीचं काही चुकलं नव्हतं. हृदयच तसं चालत होतं.

ती हातातलं काम टाकून बघत राहिली. आकडा एकशे सत्तरच्या वर उड्या मारत होता. मग कुणी हळूच जिना उतरावं तसा तो खाली येऊ लागला. एकशे साठ, एकशे बावन्न, आणि एकशे पंचेचाळीसच्या आसपास ठरला. लहरही संथ झाली. का, ते तिला कळेना.

थोड्या वेळाने वहिनीचा फोन आला. "आज पहिल्यांदा सिस्टरनी तिला माझ्या छातीवर ठेवलं गं."

"कधी?"

"मघाशीच. आधी किती वळवळत होती, मग निवांत पडली. का विचारतेस गं?"

"मला दिसलं," चिमटा म्हणाली.

काका मागे येऊन उभे होते. "काय बाई, चूक सापडली का?" तिने फोन त्यांच्यापुढे धरला आणि काय झालं ते सांगितलं. काकांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढली आणि बसले. मग आणखी दोघं आले. जेवणाची वेळ झाली, तरी कुणी उठेना.

पोर पुढे घरी आली आणि आता घर डोक्यावर घेते. चिमट्याने प्रिव्ह्यूतल्या नमुन्यांचे ठोके तसेच मागेपुढे करून पाहिले, पण कितीही केलं तरी ते खऱ्यासारखे दिसेनात. शेवटी तिने तो नाद सोडला. ऑफिसात सगळ्यांना त्याचंच नवल वाटलं, कारण धरलेली गोष्ट तिने सोडलेली कुणी पाहिली नव्हती.