पाच वाजून तीन मिनिटांचा दुजोरा

"खोडता येत नाही, ताई. मलाच काय, साहेबांनाही येत नाही," इंजिनियर म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

पडद्यावर तिच्या वडिलांचं नाव होतं. पुढे गेल्या महिन्यातली तारीख आणि वेळ, संध्याकाळचे पाच वाजून तीन मिनिटं. तापमान चार पूर्णांक दोन अंश. दुजोरा दिला.

त्या दिवशी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी ते गेले होते. मृत्यूचा दाखला तिच्या पर्समध्ये होता. इतक्या ठिकाणी दाखवून झाला होता की घडीवर फाटायला आला होता.

वडील लसींच्या शीतगृहात भांडारपाल होते, एकतीस वर्षं. सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाच वाजता शीतकपाटांचं तापमान बघून लिहायचं, हे त्यांचं काम. कुणी विचारलं आणि सांगितलं, की समोरचा 'अच्छा' म्हणून विषय बदलायचा. त्यांच्या आधीचा भांडारपाल शनिवारी एका बैठकीत, एकाच पेनाने, आठवड्याचे आकडे भरून मोकळा व्हायचा. वडील मात्र चार पूर्णांक दोनला नुसतं चार म्हणायला तयार नसत. कचेरीत त्यांना दशांशकाका म्हणत, तोंडावरसुद्धा. घरी चहात साखर किती घालू, असं कुणी विचारलं तर आई परस्पर सांगायची, "एक पूर्णांक तीन चमचे."

त्यामुळे वर्षभरापूर्वी वह्या गेल्या आणि ब्लॉकचेन आली, तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली आणि हरखले ते एकटे वडील. जेवता जेवता त्यांनी तिला सगळं समजावून दिलं होतं. एक नोंद एकाच वेळी अकरा कचेऱ्यांत उतरते. प्रत्येक नोंद आदल्या नोंदीला बांधलेली. एक बदलायची तर पुढच्या साऱ्या उसवाव्या लागणार, त्याही अकरा ठिकाणी. तापमान यंत्रच टिपणार, पण माणसाने डोळ्यांनी बघून, आपला चार आकडी क्रमांक घालून, त्याला दुजोरा द्यायचा. दुजोरा चुकला की तपासणी होईपर्यंत सगळा साठा अडकला. "आता खोटं लिहायची सोयच उरली नाही," ते म्हणाले होते. भात निवला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

शोकसभेत साहेबांनी कागद वाचून दाखवला : शेवटच्या दिवसापर्यंत एकही दुजोरा न चुकवता सेवा केली. मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं की दशांशकाकांनी मेल्यावरसुद्धा ड्युटी केली. ती मुद्रितशोधक होती. दुसऱ्यांच्या चुका छपाईआधी वेचण्यात तिची वीस वर्षं गेली होती. सभेत तिला रडू आलं नाही, नंतरही आलं नाही. ती ओळ वडिलांच्या नावावरून काढायची, एवढं एकच काम तिला सुचत होतं. त्यासाठी तिने रीतसर अर्ज केला होता.

इंजिनियर भला माणूस होता. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मूळ नोंद राहणारच. फार तर तिच्याखाली दुरुस्तीची नोंद जोडता येईल, की हा दुजोरा यांनी दिलेला नाही, अमक्याने दिला. पण मग अमका कोण, ते लागेल.

"तुमच्या यंत्राला माहीत नाही?"

"यंत्राला काकांचा क्रमांक माहीत, ताई. कपाटासमोर कोण उभं होतं, हे त्याला कसं कळणार?"

बोलून तो स्वतःच ओशाळला. मग न मागताच त्याने वडिलांच्या नावावरच्या चार महिन्यांच्या नोंदी छापून तिच्या हातात दिल्या.

शीतगृह तळमजल्यावर होतं. तिथे पेट्या भरणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या कंत्राटावर होत्या. दुजोरा देण्याचा त्यांना अधिकार नव्हता. तिच्या हातातले कागद बघून त्यांनी पेटीवरची चिकटपट्टी तशीच सोडली.

"मीच केलं, बाळ. पाच वाजले होते. साहेब दवाखान्यात, तुझ्यापाशी. दुजोरा गेला नसता तर दुसऱ्या दिवशीची लस अडकली असती, बाया लेकरं घेऊन ताटकळल्या असत्या. आकडा खरा आहे पण. मी वाकून, डोळ्यांच्या रेषेत धरून बघितला. त्यांनी शिकवलं होतं तसा."

"आणि त्यांचा क्रमांक?"

"त्यांनीच दिलेला."

"कधी?"

"गुरुवारी लागायचा ना," मावशी म्हणाल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना कळलं, की हिला गुरुवारचं काहीच ठाऊक नाही.

त्यांनी खाली बघत सांगितलं. वर्ष सुरू झाल्यापासून दर गुरुवारी तीन वाजता ते हृदयाच्या डॉक्टरांकडे जायचे. सुटी टाकली असती तर साहेबांनी घरी विचारपूस केली असती. पोरीला कळलं तर ती आपलं काम सोडून उशाशी बसेल, म्हणायचे. पहिल्या गुरुवारी क्रमांक सांगून दारापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या काल किती होतं म्हणून विचारलं. "मी म्हटलं, चार. तर म्हणतात, चार आणि किती?"

तिने कागद उलगडले. गुरुवार, पाच वाजता. गुरुवार, पाच वाजून एक मिनिट. असे चौदा गुरुवार. त्या दिवशी ते जरा उशिरा घरी यायचे, माल आला होता म्हणायचे, आणि ती पुस्तकातून मान वर न करता 'हं' म्हणायची. एकाला हात लावला की मावशींकडे क्रमांक कसा आला हे निघणार आणि चौदाही उघड्यावर येणार होते. अकरा कचेऱ्यांत वडील दर गुरुवारी धडधाकट, कपाटासमोर उभे होते.

"लिही माझं नाव," मावशी म्हणाल्या. सुटलेली पट्टी त्यांनी अंगठ्याने दाबून बसवली. "कामाची दोनच वर्षं राहिलीत माझी. मी काही म्हणणार नाही."

ती वर गेली. नाव मिळालं का, असं इंजिनियरने विचारलं. अर्ज मागे घ्यायचा आहे, ती म्हणाली. त्याने तिच्याकडे नीट बघितलं, पण चौकशी केली नाही. फक्त कारण लिहावं लागेल, म्हणाला, रकाना रिकामा राहिला तर यंत्र पुढे जात नाही.

तिने हातातल्या कागदांची घडी घातली. "लिहा, तापमान बरोबर आहे."

त्याने लिहिलं. बटण दाबण्याआधी तो थांबला. "सांगून ठेवतो, ताई. तुम्ही अर्ज केलात आणि मागे घेतलात, हेही आता कायमचं राहणार. वेळेसकट."

"राहू दे."

ती पुन्हा खाली आली. मावशींनी टेबलावर बर्फाच्या चपट्या डब्यांची रांग मांडली होती. डबे दगडासारखे होते, वरून पांढरे. तिने अर्ज मागे घेतल्याचं सांगितलं. मावशींनी मान हलवली आणि पायाने एक स्टूल तिच्याकडे सरकवलं. डबे काढल्या काढल्या पेटीत घातले तर लस गोठून फुकट जाते, त्या कामाच्या आवाजात म्हणाल्या. बाहेर ठेवायचे, घाम फुटू द्यायचा. कानाशी धरून हलवायचा, आत पाणी वाजलं की मग भरायचा.

ती बसली. एक डबा उचलून कानाशी धरला, हलवला.

"अजून नाही," ती म्हणाली. डबा रांगेत त्याच्या जागी ठेवून तिने पुढचा उचलला.