पदर आवरणारी

टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका, डाव्या दंडावर, देवीच्या लशीच्या जुन्या वणाच्या जरा खाली. त्यावर साबणाचं पाणी ओघळलं आणि तो झोंबला. झोंबला म्हणजे आज झोंबला. शनिवारी अख्खी टाचणी आत गेली तेव्हा झोंबला नव्हता, सगळी कंपनी साक्षीला होती. सत्यनारायणाचा शिरा खाऊन सुस्तावलेल्या कामगारांसमोर त्या काळ्या कोटातल्या प्रोफेसरानं मालोजीला खुर्चीत बसवलं, डोळ्यांपुढे किल्ली हलवली, झोप म्हणाला, मालोजी झोपला. हात वर कर म्हणाला, केला. हात लाकडाचा झालाय म्हणाला, झाला. मग टाचणी. दुखतं का? 'नाही,' मालोजी म्हणाला – शुद्ध, पुण्याचं 'नाही' – आणि टाळ्या पडल्या.

पण झोपला होता का?

मालोजीनं दंड पुसला. झोपला असता तर कामावरच्या भिमाजीचं मागं खाकरणं ऐकू कसं आलं असतं? शिऱ्यातली वेलची दाढेत अडकली होती ती कशी कळली असती? मला सगळं कळत होतं... टाचणी शिरली तेव्हा दुखतंय हेही कळत होतं, फक्त ते दुखणं भिंतीपलीकडच्या बिऱ्हाडात कुणी कण्हतंय असं वाटत होतं. ऐकू येतं, पण उठून जायचं आपल्यावर नाही. हात खाली घ्यायला काय लागत होतं? काही नाही. आत्ता घेतो, आत्ता घेतो म्हणत मी तो तसाच धरून ठेवला.

प्रोफेसर याला निद्रा म्हणतो. भिमाजी काल नळावर भेटला, तो म्हणाला, "नाटक्या! प्रेस सोड राव, तमाशात जा, झकास मावशी होशील." त्याचं म्हणणं असं, की साहेबलोकांपुढं प्रोफेसराची फजिती होऊ नये म्हणून मालोजीनं भीड राखली, बस. आणि आई – ठकुबाई – तिचा निकाल तर शनिवारीच लागला होता. "आंगात आलं व्हतं. माझ्या पोटचा हाईस तू. त्या कोटवाल्याला काय ठावं?"

तीन माणसं, तीन निकाल, आणि तिन्ही खोटे. मालोजीला याची खात्री होती. पुस्तकं वाचून नाही. चिंचवडच्या वाचनालयातलं मनावरचं एकुलतं एक पुस्तक त्यानं चाळलं होतं आणि मनाचे कप्पे वगैरे वाचून वैतागून परत केलं होतं. कप्पे म्हणे! कप्पे असते तर बरं झालं असतं, एकाला कुलूप घातलं असतं. पण मंचावर प्रोफेसर आणखी एक वाक्य बोलला होता, घसा साफ करून, साहेबांच्या बायकांकडं बघत: "संमोहित माणूस स्वतःच्या मनाविरुद्ध काहीही करत नाही." टाचणीपेक्षा हे वाक्य खोल गेलं होतं. कारण आज चौकशी होती, आणि त्याआधीच मालोजी एकदा 'होय' म्हणून बसला होता.

म्हणजे 'व्हय' म्हणाला होता.

मागच्या पंधरवड्यात शेजारच्या, पत्रा कापायच्या प्रेसमध्ये हिंदुरावाची दोन बोटं गेली. प्रेसच्या तोंडावर लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. माल कमी पडतोय म्हणून फोरमन अर्जुनरावांनी सगळ्यांच्याच जाळ्या काढायला लावल्या होत्या. लेखी नाही, तोंडी. तोंडी हुकुमाला मालक नसतो. हिंदुरावानं काढली, भिमाजीनं काढली, मी काढली. आणि बोटं गेल्यावर हिंदुरावाला टॅक्सीत घालेपर्यंत अर्जुनराव नुसते डोळ्यांनी बोलले आणि सगळ्यांनी जाळ्या परत बसवल्या. सगळ्यांनी. माझे हात बोल्ट आवळत होते आणि मी बघत होतो, माझेच हात, चांगले सवयीचे, एकदम तरबेज... हिंदुरावाच्या रक्तावर कुणीतरी भुसा टाकत होतं. तेव्हा कुठं कोण किल्ली हलवत होतं? भोंगा वाजला की उठायचं, भोंगा वाजला की जेवायचं, या कारखान्यांच्या पट्ट्यात रोज हजारो माणसं डोळे उघडे ठेवून झोपतात, त्यांना तिकीट लावून कुणी बघत नाही.

त्या गडबडीतच अर्जुनराव कारकुनाला घेऊन आले. म्हणाले, "जाळी हिंदुरावानं आपल्या मनानंच काढली होती, काय मालोजी?" आणि मालोजी म्हणाला, "व्हय..." कारकून पुण्याचा. त्यानं 'होय' लिहिलं.

चाकणकडच्या कुठल्याही माणसाला विचारा. व्हय म्हणजे होय. पण 'व्हय?' म्हणजे – असं का? खरं का? आणि नुसतं लांबवलेलं 'व्हय...' म्हणजे ऐकतोय, बोला. मी प्रश्न विचारला होता. असं व्हय? असं विचारलं होतं. गेले कितीतरी दिवस मालोजी हे मनाशी घोकत होता, आणि घोकताना प्रत्येक वेळी सूर थोडा जास्त वर नेत होता.

चुलीशी ठकुबाई भाकरी थापत होती. तिच्या पाठीकडं बघता बघता त्याला ती दुसरी पाठ दिसली – नवरात्र, गावातलं घर, आई घुमतेय, केस सुटलेत, बुबुळं वर गेलीत, बाया पाया पडताहेत, आणि हेलकाव्याबरोबर लुगड्याचा पदर समईच्या ज्योतीपर्यंत जातोय... तेवढ्यात तिचा डावा हात गुपचूप आला, पदर ओढून कमरेला खोचला आणि परत घुमायला गेला. डोळे तसेच. बायांना दिसलं नाही. मला दिसलं, मी खांबाला धरून उभा होतो.

"आये, आंगात आल्यावर पदर कोण आवरतं गं?"

तिचा हात परातीत थांबला. "कोन म्हंजे?"

"समईपासनं."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. चिडली नाही, लाजली नाही. "घरच्या बाईला आवरावाच लागतो, बाबा. जळाला तर देवी काय नवं लुगडं घिऊन देनार हाय व्हय?"

हे तिसरंच व्हय. यात विचारणंही नव्हतं, ऐकणंही नव्हतं. मालोजी डबा घेऊन निघाला, रूळ ओलांडले, पिंपरीच्या वाटेला लागला, तरी ते कानात वाजत राहिलं. आई खोटी नव्हती. ती घुमत होती ते खरं, आणि पदर आवरत होती तेही खरं. एकीला दुसरी ठाऊक होती, फक्त दोघींनी एकमेकींना हाक मारायची नाही असं ठरलेलं होतं.

गेटवर हिंदुराव उभा होता, साताऱ्याकडचा उंच गडी, हाताला पट्टीचं पांढरं बोचकं. आज साक्ष उलटी गेली तर त्याची नोकरी संपली. मोडक्या हाताचा माणूस दुसऱ्या कुठल्या गेटात शिरणार?

"मालोजी, तू होय म्हणलास म्हणं?"

"मी व्हय म्हनलो, गड्या."

"मग त्ये येकच की!" हिंदुराव हसला. खरोखर हसला, आणि ते हसू टाचणीसारखं आत गेलं.

कचेरीत पंखा होता. टेबलामागं चौकशीचे साहेब, बाजूला कारकून, खिडकीशी अर्जुनराव. समोरच्या बाकावर हिंदुराव. अर्जुनराव मऊ आवाजात म्हणाले, "घाबरू नकोस. मागं बोललास तेवढंच सांगायचं. सोपं आहे." तोच आवाज. सगळ्या झोपवणाऱ्यांचा आवाज एकच असतो, कोट वेगळे. मालोजीला पाय जड झाल्यासारखे वाटले, जीभ आपोआप टाळ्याकडं निघाली...

"जाळी हिंदुरावांनी स्वतःहून काढली, यावर तुम्ही 'होय' म्हणालात," साहेब म्हणाले. "बरोबर?"

आणि त्या क्षणी मालोजीला तो जुना 'व्हय' ऐकू आला, जसाच्या तसा, न घोकलेला. त्याचा सूर वर गेला नव्हता. खालीही गेला नव्हता. मी तो मुद्दाम मध्येच सोडला होता, अर्जुनरावांना होय वाटावा आणि हिंदुरावाच्या कानावर गेलाच तर प्रश्न वाटावा म्हणून. इतका नेमका सूर झोपेतला माणूस लावेल? त्या गोंधळात, भुशाखालच्या रक्तापाशी, कुणीतरी डाव्या हातानं पदर आवरला होता. स्वतःचा. तो आवरणारा तेव्हाही जागा होता, बोल्ट आवळतानाही, टाचणीच्या वेळीही. आणि तो भिंतीपलीकडचा कुणी नव्हता. निद्रा, देवी, नाटक – तिन्ही सबबी एकदम गळून पडल्या आणि मालोजीला आश्चर्य वाटलं, की भीती वाटत नाहीये. उलट घरात दिवा लावल्यासारखं वाटतंय... इतके दिवस अंधारात चाचपडणाराही मीच होतो आणि काडीपेटी खिशात ठेवणाराही मीच.

त्याचा उजवा हात कुणी न सांगता दंडावर गेला. अंगठ्यानं ठिपका दाबला. घट्ट.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं. "दुखतंय का?"

"व्हय," मालोजी म्हणाला.

सूर सरळ खाली आला. हा होकार दुखण्याला होता, जाळीला नव्हता. कारकुनानं टाक उचलला, आणि काय लिहावं ते न कळून तसाच धरून ठेवला.