लेखातली पुढची ओळ

सिंगापूरच्या टॅम्पिनीस वस्तीत, बाराव्या मजल्यावरच्या घरात शनिवारची सकाळ म्हणजे धिरडी. नाशिकहून दोन महिन्यांसाठी मुलाकडे आलेल्या लीलाबाई तव्यापाशी उभ्या होत्या आणि चौदा वर्षांची नात एकता रिकामी ताटली हातात धरून संवाद घोकत होती. सिंगापुरातल्या मराठी मंडळींच्या वार्षिक कार्यक्रमात सातवाहनांवर नाटुकलं होतं. त्यात एकता राजमाता गौतमी बलश्री. या बाईने नाशिकच्या डोंगरात लेणं कोरवलं आणि त्याच्या भिंतीवर आपल्या पराक्रमी मुलाची स्तुती लिहवून घेतली. लीलाबाई दर बुद्धपौर्णिमेला तो डोंगर चढतात. नातीचे उच्चार त्यांनीच घासूनपुसून घेतले होते.

दुपारी तालीम होती, ईस्ट कोस्ट भागातल्या एका काँडोत, म्हणजे पैसेवाल्यांच्या सोसायटीत. नाटक बसवणाऱ्या सुलेखाबाई बँकेत मोठ्या हुद्द्यावर, बोलणं तर साखरेत घोळलेलं. चहा पुढे करत त्यांनी लीलाबाईंना विचारलं, "काकू, नाशकात कुठे तुम्ही? आणि कुलदैवत कोणतं तुमचं?"

हा प्रश्न भक्तीपोटी विचारत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. आडनावावरून अंदाज लागला नाही, की आपली माणसं कुलदैवताच्या वाटेने शिरतात. परदेशी येताना लोणच्याच्या बरणीइतक्याच काळजीने आपण ही चौकशी बांधून आणतो.

"आम्हाला कुलदैवत नाही. आम्ही बौद्ध," लीलाबाई म्हणाल्या आणि निवांत चहा पिऊ लागल्या.

"अरे वा, छान," सुलेखाबाई म्हणाल्या.

सोमवारी एकताच्या वडिलांना, प्रफुल्लला, मेसेज आला. एकताची उंची राजमातेला कमी पडते, तेव्हा ती भूमिका आता राधिका करेल. एकताने चवरी ढाळणारी दासी व्हावं. राधिका म्हणजे सुलेखाबाईंची मुलगी, आणि एकतापेक्षा चांगली दोन बोटं बुटकी!

"जाऊ दे, बेटा," प्रफुल्ल म्हणाला. "उगाच वाद नको. आपल्याला या लोकांतच राहायचंय."

तो अकरा वर्षं तसाच राहिला होता. सत्यनारायणाचं बोलावणं आलं की जाऊन प्रसाद घ्यायचा, जातीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायचं. त्याला मी भित्रा म्हणणार नाही. जपून जपून थकला होता बिचारा.

एकताने मात्र नाटकाची पानं आजीपुढे टाकली. राजमाता शेवटी म्हणते, 'माझ्या पुत्राने चार वर्णांचा संकर थांबवला,' आणि पडदा. "आजी, हे त्यांनी मनाने घातलंय?"

"नाही गं. खरंच कोरलंय तसं," लीलाबाई म्हणाल्या. "पण पुढे हेही कोरलंय, की ते लेणं तिने बुद्धाच्या भिक्षूंना दिलं. एकाच बाईने एकाच भिंतीवर दोन्ही लिहवलं. वाचायचं तर दोन्ही वाच."

पुढच्या तालमीला एकताने ते सुलेखाबाईंना सांगून पाहिलं. "वेळ कुठेय गं तेवढा?" त्या म्हणाल्या. "आणि कल्चरल प्रोग्रॅममध्ये धर्म कशाला आणायचा?" वर्ण चालले, भिक्षू तेवढे धर्मात गेले. वा रे न्याय!

कार्यक्रमाला हॉल भरला होता. राधिकाने शेवटचं वाक्य टाकलं, टाळ्या सुरू झाल्या, आणि मागे उभ्या दासीने चवरी खाली ठेवली. एकता पुढे आली. 

"लेण्यातला लेख इथे संपत नाही," ती म्हणाली. "पुढे लिहिलंय, की हे लेणं राजमातेने भिक्षुसंघाला दान दिलं. हे आमच्या नाटकातून गाळलं, म्हणून मी सांगते."

टाळ्या थांबल्या. मागच्या रांगेत लीलाबाई एकट्याच वाजवत राहिल्या.

विंगेत सुलेखाबाईंनी प्रफुल्लला गाठलं. साखर पार विरघळली होती. "मुलीला जरा आवरा. आम्ही इथे जातबीत मानत नाही. ती तुम्हीच आणता."

प्रफुल्लने पाण्याची बाटली उचलली आणि तशीच खाली ठेवली. "माझ्या आईला कुलदैवत विचारलंत, तेव्हा काय आणलं होतंत?" तो म्हणाला. आवाज असा चढला होता की चहाच्या टेबलापर्यंतच्या माना वळल्या. "मी बौद्ध आहे. अकरा वर्षं तुमच्यात जेवलो आणि हे बोललो नाही, याची मला लाज वाटते. माझ्या मुलीची वाटत नाही."

 एकाने मोबाइल काढला, दुसऱ्याला घाई आठवली. ही सगळी शिकलेली, सज्जन माणसं बरं का. तुमच्याआमच्यासारखीच.

तिघं एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनकडे चालू लागले. "बाबा, नेक्स्ट इयर ते आपल्याला बोलावणार नाहीत, लाह," एकता सिंगापुरी ढंगात म्हणाली.

"मग नाटक आपण करू आणि त्यांना बोलावू," प्रफुल्ल म्हणाला. "सुलेखाबाईंना पहिल्या रांगेत बसवू. राजमाता तूच."